वाचकांचे प्रश्न : जुन्या ब्रिटिश इंजिनाचे कॉम्प्रेशन

प्रश्न : वडिलांनी वापरलेली १९५२ सालची बीएसए बी-३१ मोटरसायकल आमच्या मांगरात बरीच वर्षे उभी होती. यंदा ती बाहेर काढली, सिलिंडरला नवा लायनर (आतले अस्तर) घातला आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) पुन्हा मूळ ७१ मिलिमीटरचा करून घेतला. त्या मापाचा मूळ पिस्टन मिळेना, म्हणून वर्कशॉपने दुसऱ्या एका इंजिनाचा पिस्टन बसवून दिला. तेव्हापासून किक उलटी बसते. रत्नागिरीच्या आसपास गाडी बरी चालते, पण साखरप्याच्या पुढे आंबा घाटाचा चढ लागला की इंजिनातून टकटक ऐकू येते आणि थ्रॉटल सोडल्याशिवाय ती थांबत नाही. जुना व नवा पिस्टन शेजारी ठेवून पाहिले, तर गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या खिळीच्या) मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची नव्या पिस्टनची ३ मिलिमीटर जास्त भरली. हेडखाली दोन गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवावे, असे आमचे मेकॅनिक म्हणतात. कॉम्प्रेशन नेमके किती वाढले असेल आणि ते कमी करण्याचा योग्य मार्ग कोणता? (एक वाचक, पावस, जि. रत्नागिरी)

उत्तर : जुना पिस्टन आपण भंगारात दिला नाही, हे फार चांगले केलेत. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दोन पिस्टनांच्या उंचीतील फरकातच आहे. आधी हिशेब करू, मग पान्याला हात लावू.

पिस्टन अगदी खाली असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन अगदी वर असताना उरणाऱ्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. बी-३१ चा बोअर ७१ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८८ मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टन एका फेरीत ३४८ घनसेंटिमीटर जागा झाडतो. कारखान्याने या इंजिनाला ६.५ हा रेशो दिला होता. त्यावरून उलट हिशेब केला, तर पिस्टन वर टेकल्यावर हेडमध्ये सुमारे ६३.३ घनसेंटिमीटर जागा उरायला हवी. ७१ मिलिमीटरच्या बोअरमध्ये एक मिलिमीटर उंचीची जागा जवळजवळ ४ घनसेंटिमीटर भरते, अचूक सांगायचे तर ३.९६. आपला पिस्टन ३ मिलिमीटरने उंच असल्यामुळे त्याने सुमारे १२ घनसेंटिमीटर जागा खाल्ली आणि उरली ५१.४. म्हणजे आपले इंजिन आज ७.८ च्या आसपासच्या रेशोवर चालते आहे. दोन्ही माथ्यांचा घुमट सारखाच आहे असे धरून काढलेला हा आकडा आहे. नव्या पिस्टनचा घुमट जास्त फुगीर असेल, तर प्रत्यक्ष रेशो याहूनही वर गेलेला असेल.

आता ७.८ हा काही राक्षसी आकडा नव्हे. याच घराण्यातल्या बीएसए गोल्डस्टारला शर्यतीसाठी याहून कितीतरी वरचे पिस्टन मिळत असत. परंतु त्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे होते आणि ते उष्णता झपाट्याने बाहेर टाकत असे. आपले हेड ओतीव लोखंडाचे आहे. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा मिळत नसताना ते तापते आणि तापलेलेच राहते. ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून पसरत जाते, आणि शेवटच्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण तोवर दाबले जाऊन इतके तापते की ज्वाला पोहोचण्याआधीच ते स्वतःहून एकदम पेटते. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच. ती चालू ठेवली तर पिस्टनचा माथा कडेने खडबडीत होऊ लागतो, वरच्या रिंगेची खाच चेपते, आणि शेवटी पिस्टनला भोक पडते किंवा इंजिन धरते. थ्रॉटल सोडण्याची आपली सवय योग्य आहे. ती सोडू नका.

हीच गाडी कोल्हापुरात कदाचित कुरकुरली नसती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. आपल्याकडे सिलिंडर प्रत्येक फेरीला घट्ट हवेने पुरता भरतो, त्यामुळे ठिणगी पडण्याच्या क्षणी आतला दाब त्याच प्रमाणात वाढलेला असतो. दमट हवेतले बाष्प ज्वाला किंचित मंदावते व टकटक थोडी दाबते, हे खरे. पण लोखंडी हेड आणि आंबा घाटाचा चढ यांच्यापुढे तेवढा दिलासा पुरत नाही. देशावरच्या कोणी आपल्या ७.८ च्या इंजिनाबद्दल काही सांगितले, तर तो आकडा जसाच्या तसा किनाऱ्यावर उतरवू नये.

कारखान्याने रेशो ६.५ वर का ठेवला होता, हेही पाहू. युद्धकाळापासून १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये सर्वांना एकाच हलक्या प्रतीचे, ‘पूल’ नावाने ओळखले जाणारे पेट्रोल मिळत असे आणि त्याचा ऑक्टेन (टकटक न होता दाब सोसण्याचे माप) सत्तरीच्या घरात होता. आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१ किंवा त्याहून वरचे आहे. त्यामुळे ६.५ हीच अखेरची मर्यादा आहे, असे मानण्याचे कारण नाही. माझ्या मते आपल्या इंजिनाला किनाऱ्यावर आणि घाटात सुखाने चालवायचे असेल, तर ७ च्या जवळपासचा रेशो योग्य आहे. त्याच्या वर जाऊन मिळते तरी काय? आदर्श चक्राच्या सूत्राप्रमाणे ६.५ वरून ७.८ वर गेल्यास कार्यक्षमता कागदावर सहा टक्क्यांनी वाढते. बी-३१ ची ताकद सतराच अश्वशक्तीची असल्याने हा फायदा एका अश्वशक्तीच्या आसपास येतो, आणि प्रत्यक्षात तोही पुरता हाती लागत नाही. त्यासाठी उलटी किक, तापलेले हेड आणि बिगएंडवर (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवर) वाढलेला भार स्वीकारणे मला पटत नाही.

आता उपाय. सर्वांत चांगला उपाय म्हणजे योग्य उंचीचा पिस्टन मिळवणे, आणि तो शोध आपण सोडू नये. तोवर करण्याजोगे काम म्हणजे सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या तोंडावर, एक कॉम्प्रेशन प्लेट घालणे. त्या काळातील ब्रिटिश सिंगल इंजिनांत अशा प्लेटा वापरल्या जात. मेकॅनिक सुचवतात त्याप्रमाणे हेडखाली दोन गॅस्केट घातल्यानेही जागा वाढेल, पण त्या सांध्यावर जळत्या वायूचा थेट मारा असतो. तेथे थरावर थर आले की एखाद्या दिवशी कडेने वायू निसटतो, आणि निसटलेला वायू लोखंडात चर पाडतो. बुडाच्या सांध्यावर फक्त तेल अडवायचे असते. शिवाय प्लेट कधीही काढता येते. जुन्या इंजिनावर जे काम परत फिरवता येते ते आधी करावे आणि हेड किंवा पिस्टन घासण्यासारखे काम अगदी शेवटी, दुसरा इलाजच उरला नाही तर करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्लेट दीड मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्याची करून घ्या. बुडाचे कागदी गॅस्केट नमुना म्हणून वापरा, पण मधले भोक लायनरच्या बाहेर आलेल्या गळ्याला मोकळे बसेल एवढे ठेवा, आणि सिलिंडरच्या बुडाशी तेलाचे जे जे भोक असेल ते प्लेटमध्येही बरोबर त्याच जागी पाडा. तेलाचे एक भोक बुजले, तर कॉम्प्रेशन सुधारण्याच्या नादात सिलिंडर कोरडा पडेल. कापल्यावर कडांची कुसळे काढून प्लेट जाड सपाट काचेवर बारीक एमरी पेपरने दोन्ही बाजूंनी घासा. प्लेटच्या वर एक आणि खाली एक अशी दोन गॅस्केट लागतील. यातले जादा गॅस्केट पाव मिलिमीटरचे धरले, तरी ते एकटे जवळजवळ एक घनसेंटिमीटर जागा वाढवते, म्हणून हिशेबात त्याला विसरून चालणार नाही. प्लेट आणि गॅस्केट मिळून सिलिंडर पावणेदोन मिलिमीटर वर उचलला गेला, की हेडमधली जागा ५८.३ घनसेंटिमीटर होते आणि रेशो ७ वर येऊन टेकतो.

पूर्ण ३ मिलिमीटर उचलून थेट ६.५ वर का जाऊ नये, असे आपण विचाराल. सिलिंडर वर गेला की हेड वर जाते, हेडबरोबर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) वर जातात, पण त्यांना खालून ढकलणारे पुशरॉड मात्र तेवढ्याच लांबीचे राहतात. ही वाढलेली फट टॅपेटचा ॲडजस्टर बाहेर काढून भरून काढावी लागते. पावणेदोन मिलिमीटरपर्यंत ते सहसा निभावते. ३ मिलिमीटरला ॲडजस्टरचे आटे धरायला पुरेसे उरत नाहीत आणि लांब पुशरॉड करून घ्यावे लागतात. निदान स्क्रूच्या जाडीएवढे आटे आत राहिलेच पाहिजेत. सिलिंडरचे स्टड, पुशरॉडच्या नळीचे सील आणि हेडला फ्रेमशी बांधणारी पट्टी यांचीही तीच गत आहे. नट पूर्ण आट्यावर बसतात का, सील दाबले जाते का आणि पट्टी ओढून बसवावी लागत नाही ना, हे तिन्ही पाहा. एक्झॉस्टचा पाईपही जबरदस्तीने जागेवर आणू नका. आपल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट खाली, गिअरवर चालणारा असल्याने प्लेटमुळे व्हॉल्व्हचे टायमिंग हलत नाही. नॉर्टन इंटरनॅशनल किंवा वेलोसेट केएसएस यांसारख्या डोक्यावर कॅम असलेल्या इंजिनात मात्र उभ्या शाफ्टच्या बेव्हल गिअरांची बैठक बिघडते, म्हणून तेथे हा उपाय इतक्या सहज करता येत नाही.

हे सारे करण्यापूर्वी दोन मोजणी कराव्याच लागतील. पहिली व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामधल्या अंतराची. तीन मिलिमीटर उंच पिस्टन आजवर व्हॉल्व्हला लागला नाही, हे आपले नशीब म्हणावे लागेल. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळायच्या मातीचे दोन गोळे ठेवा, व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचा हात फिरवा, हेड जुन्याच गॅस्केटवर बसवून नट आवळा, टॅपेट जुळवा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मग हेड काढून माती पात्याने कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्निअरने मोजा. इनलेटकडे निदान दीड आणि एक्झॉस्टकडे निदान २ मिलिमीटर जाडी शिल्लक असावी. प्लेट घातल्यावर ही फट वाढेल, पण आज ती किती आहे हे कळेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

दुसरी मोजणी हेडमधल्या जागेची. गाडी अशी कलती करा की प्लगचे भोक सर्वांत उंच येईल, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा खोटा निघतो. कॉम्प्रेशनच्या फेरीत, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन अगदी वर आणा. सिलिंडर उघडलेला असतानाच पिस्टनच्या कडेने ग्रीसची बारीक रेघ ओढून जादाची पुसून टाकलेली असावी, म्हणजे द्रव रिंगांवाटे झिरपत नाही. रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मोठ्या सिरिंजने किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारख्या ब्युरेटने ते भोकातून सोडत राहा, आत किती गेले ते टिपत राहा. पातळी प्लगच्या आट्यांच्या तळाशी आली की थांबा. तळ दिसत नसेल तर भोकाच्या तोंडापर्यंत भरून, १४ मिलिमीटरच्या अर्धा इंच लांब प्लगसाठी सुमारे २ घनसेंटिमीटर वजा करा. हे तीन वेळा करा, आणि तिन्ही आकडे एका घनसेंटिमीटरच्या आत आले नाहीत तर कुठेतरी गळते आहे असे समजा. काम झाल्यावर सगळा द्रव शोषून काढा, आणि रॉकेल क्रँककेसमध्ये उतरले असणारच हे धरून तेल बदला.

आकडा हाती आला की ३४८ ला त्याने भागून एक मिळवा. तो आपल्या इंजिनाचा खरा रेशो. तो माझ्या हिशेबापेक्षा वेगळा निघाला तर माझा आकडा सोडून द्या आणि प्लेटची जाडी त्या मोजणीवरून ठरवा.

शेवटी ठिणगीबद्दल. हँडलच्या डाव्या बाजूला ल्यूकस मॅगडायनोचा (ठिणगी आणि वीज देणाऱ्या यंत्राचा) ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडणारा ॲडव्हान्स-रिटार्डचा जो लिव्हर आहे, तो पुष्कळ मालक एकदा पूर्ण ॲडव्हान्सवर लावून विसरून जातात. किक मारताना तो रिटार्डवर असला पाहिजे, आणि एक्झॉस्ट लिफ्टर (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरणारा लिव्हर) दाबून पिस्टन कॉम्प्रेशनच्या किंचित पुढे नेल्याशिवाय जोरात किक मारू नये. उलट्या किकेने घोटा आणि गुडघा कायमचे दुखावलेले लोक आहेत. घाटातही टकटक सुरू होताच लिव्हर थोडा मागे घेतला तर ती थांबते. त्या लिव्हरचा उपयोगच त्यासाठी आहे. प्लेट घातल्यावर ७ च्या रेशोला लिव्हर थोडाच मागे घ्यावा लागेल, आणि सपाट रस्त्यावर तर बहुधा मुळीच नाही. त्यानंतरही टकटक राहिली, तर मॅगनेटोचे टायमिंग, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शिरणारी हवा आणि हेडमध्ये साचलेला कार्बन हे तिन्ही पाहावे. एवढे सारे तपासूनही ती गेली नाही, तरच जाड प्लेटचा विचार करावा.

या कामामागे इतिहासही आहे. कोणते पेट्रोल किती दाब सोसते हे शोधण्यासाठी ब्रिटिश इंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर ई-३५ नावाचे एक सिलिंडरचे इंजिन बांधले होते, ज्यात इंजिन चालू असतानाच अख्खा सिलिंडर वरखाली करून रेशो बदलता येई. प्लेट घालून आपण तेच करणार आहोत, फक्त थांबलेल्या इंजिनावर.

प्रश्न : माझ्याकडे युद्धकाळातील बीएसए एम-२० आहे. आंबोली घाटात ती फार रडते. हेड लेथवर ३ मिलिमीटर उतरवले की गाडी पळेल, असे एका मित्राचे म्हणणे आहे. करावे काय? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हेड उतरवू नये. एम-२० चे इंजिन साइड व्हॉल्व्हचे आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे असतात आणि हेडमधली जागा सिलिंडरच्या वरून बाजूला, व्हॉल्व्हच्या डोक्यावर पसरलेली असते. बोअर ८२, स्ट्रोक ९४ मिलिमीटर, आकार ४९६ घनसेंटिमीटर, रेशो सुमारे ४.९ आणि ताकद तेरा अश्वशक्ती. हे सारे जाणूनबुजून ठरवलेले होते, कारण ही गाडी मिळेल त्या पेट्रोलवर आणि मिळेल त्या रस्त्यावर चालायला हवी होती.

इनलेट व्हॉल्व्हमधून आलेले मिश्रण आधी वर चढते, मग छताखालून वळून सिलिंडरमध्ये उतरते. छत ३ मिलिमीटर खाली आणले की रेशो वाढतो खरा, पण ही वळणाची वाटच अरुंद होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. दाबाने जे मिळाले ते कोंडलेल्या श्वासात जाते. त्यातच उघडलेला व्हॉल्व्ह छताला टेकण्याचा धोका आहे. शिवाय वरच्या पत्रातील हिशेब येथे चालत नाही. हेडची पोकळी बोअरपेक्षा बरीच पसरट असल्याने एक मिलिमीटर उतरवल्यावर बोअरच्या मापाने येईल त्यापेक्षा जास्त जागा कमी होते, म्हणून मित्राने सांगितलेल्या ३ मिलिमीटरचा परिणाम त्याच्या अंदाजापेक्षा मोठा असेल. रिकार्डो यांनीच साइड व्हॉल्व्ह इंजिनांसाठी जे सुधारित हेड काढले, त्यात छत व्हॉल्व्हच्या डोक्यावर न दाबता पिस्टनच्या पलीकडच्या भागावर अगदी जवळ आणले होते. त्यामुळे मिश्रण घुसळले जाऊन लवकर व नीट जळते. सगळे हेड सरसकट उतरवणे ही त्याची नक्कल होत नाही.

आपल्या गाडीला हेड काढून कार्बन साफ करणे, व्हॉल्व्ह ग्राइंड करणे आणि मॅगनेटोचे टायमिंग जुळवणे याचा फायदा नक्की होईल. त्यानंतरही आंबोलीचा चढ जड वाटला, तर इंजिन स्प्रॉकेट एक दात लहान घाला. सपाटीवरचा वेग थोडा कमी होईल, पण चढावर इंजिन आपल्या जोरात राहील, आणि साइडकार जोडलेल्या गाड्यांनाही असाच लहान स्प्रॉकेट लावत असत.

प्रश्न : कॉम्प्रेशन गेज लावून किक मारली तर काटा ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाखवतो. यावरून रेशो कसा काढावा? (एक वाचक, मालवण)

उत्तर : काढता येत नाही. गेज दाखवतो तो दाब रिंगा किती झिजल्या, व्हॉल्व्ह किती नीट बसतात, कॅम इनलेट किती उशिरा बंद करतो, किक किती वेगाने मारली आणि थ्रॉटल उघडा होता की नाही, या सर्वांवर ठरतो. एकाच रेशोच्या दोन इंजिनांत तो बराच वेगळा असू शकतो. गेजचा खरा उपयोग एकाच इंजिनाची आजची आणि सहा महिन्यांनंतरची तब्येत ताडून पाहण्यासाठी आहे, आणि तेव्हाही दोन्ही वेळा इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि एक्झॉस्ट लिफ्टरला मोकळी फट असली पाहिजे. चमचाभर तेल प्लगच्या भोकातून टाकल्यावर काटा चांगलाच वर गेला तर रिंगा बघा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बघा.

प्रश्न : ट्रायम्फ थंडरबर्ड ६५० चे हेड काढून दोन्ही सिलिंडरांची जागा मोजली. एकीकडे ५२ आणि दुसरीकडे ५५ घनसेंटिमीटर आली. हा फरक चालेल का? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : मोजलेत हे उत्तम केलेत, कारण जोड सिलिंडरांच्या इंजिनात हे क्वचितच कोणी पाहते. थंडरबर्डचा बोअर ७१ आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सुमारे ३२५ घनसेंटिमीटरचा. कारखान्याच्या ७ या रेशोला दोन्हीकडे ५४ च्या जवळपास जागा हवी. आपल्याकडे एक बाजू ७.२५ वर आणि दुसरी ६.९ वर चालते आहे. गाडी यावर चालेल, पण मंद गतीत ती कधीच एकसारखी गुणगुणणार नाही, आणि टकटक सुरू होईल ती नेहमी जास्त रेशोच्या त्याच एका बाजूला. कानाला ती सगळ्या इंजिनाची वाटेल आणि आपण टायमिंग मागे घेत बसाल.

आधी ५५ च्या बाजूचे व्हॉल्व्ह पाहा. पुन्हापुन्हा ग्राइंड करून ते सीटमध्ये खोल बसले असतील, तर जागा त्यामुळेच वाढली आहे आणि तेथे नव्या सीट घालणे हाच खरा उपाय आहे. व्हॉल्व्ह दोन्हीकडे सारखे बसले असतील, तर ५२ च्या बाजूचे छत बारीक चाकाने थोडेथोडे घासून आणि प्रत्येक वेळी मोजून फरक एका घनसेंटिमीटरच्या आत आणा. घासाल ते कडांच्या टोकदार जागी, कारण तापून लाल होणारी टोके तिथेच असतात. व्हॉल्व्हच्या सीटला चाक लागू देऊ नका. बुडाशी प्लेट घालून हा फरक जात नाही, कारण ती दोन्ही सिलिंडरांना सारखीच उचलते.

प्रश्न : आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो म्हणतात. मग जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवायला हरकत नसावी? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : ऑक्टेन वाढतो हे बरोबर आहे, आणि इथेनॉल वाफ होताना मिश्रण थंडही करते. त्यामुळे टकटक उशिरा सुरू होते. परंतु त्याच्या जोरावर रेशो वाढवण्याआधी कार्ब्युरेटरच्या जेटकडे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाकडे) पाहावे लागेल. साध्या पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलोच पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो, आणि इंजिनाला मिश्रण सात-आठ टक्के पातळ मिळते. पातळ मिश्रणाने हेड तापते आणि ऑक्टेनमधून मिळालेला फायदा तापलेल्या हेडमध्ये निघून जातो. जुन्या अमाल कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा प्रवाहाचे माप सांगतो, म्हणून १५० च्या जागी १६० घातला की ही तूट जवळजवळ भरून निघते. सुईही एक खाच वर उचलावी लागेल. प्लगचे टोक फिकट तपकिरी येईपर्यंत हे जुळवल्यानंतरच रेशोचा विचार करावा.

आपल्या किनाऱ्यावर याहून मोठी गोष्ट आहे ती पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत ती भरपूर मिळते. एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. नळ तळातून ओढतो, त्यामुळे आधी ते दूधट पाणी कार्ब्युरेटरात जाते आणि गाडी सुरूच होत नाही. ते ओतून टाकले तर वर उरते ते इथेनॉल गेलेले पेट्रोल, ज्याचा ऑक्टेन मूळ मिश्रणापेक्षा कमी असतो. ज्या जास्त रेशोसाठी आपण इथेनॉलवर विसंबलो, त्याचा आधारच अशा वेळी नाहीसा होतो. म्हणून जी गाडी जून ते सप्टेंबर उभी राहणार आहे, तिच्या रेशोचा हिशेब इथेनॉलचा ऑक्टेन धरून करू नये, साध्या ९१ वरच करावा.

उभ्या गाडीची टाकी आणि फ्लोटची वाटी पावसाळ्यापूर्वी पूर्ण रिकामी करा, टाकीत इंजिन ऑइल फिरवून आतून तेलाचा थर द्या आणि नळाची कॉर्कची किंवा जुन्या रबराची पॅकिंगे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची करून घ्या. पाऊस सरल्यावर वर्दळीच्या पंपावरचे ताजे पेट्रोल भरा, आणि पहिल्यांदा घाटात जाण्यापूर्वी प्लग काढून त्याचा रंग एकदा पाहून घ्या.